तेवीस कुंड्यांचं सलाईन

सुभद्रा गेली हे मला मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता धंतोलीतल्या दवाखान्याच्या जिन्यात कळलं. मी खाली चहा प्यायला गेलो होतो. मी वर चढत होतो, सिस्टर खाली उतरत होती, आणि तिने सांगितलं. त्याच दिवशी संध्याकाळी सगळं आटोपून घरी आलो तेव्हा दुसरी गोष्ट कळली. मधल्या खोलीतल्या सव्वीस कुंड्यांना एकोणीस दिवसांत कोणी पाणी घातलं नव्हतं. मी रोज अंघोळीपुरता घरी येत होतो, त्या कुंड्यांमधूनच न्हाणीघरात जात होतो, पण मला दिसलं नाही. पहिल्या गोष्टीबद्दल मला लिहिता येणार नाही. दुसरीबद्दल लिहितो, कारण तिच्या बाबतीत मी काहीतरी केलं.

सव्वीसपैकी तीन कुंड्या गेल्या. तेवीस राहिल्या.

आता कोणी विचारेल की झाडं घरात कशाला? ज्याने नागपूरचा मे महिना पाहिला नाही तोच हे विचारेल. आमच्या अंगणात मे महिन्यात बादलीही तडकते. सुभद्राने झाडं मधल्या खोलीत ठेवली होती, कूलरच्या वाऱ्याच्या जरा बाजूला. रबराचं झाड, नेचा, क्रोटन, मनीप्लांट, एक पानवेल, आणि बाकी काही अशी की ज्यांची नावं तिलाच माहीत होती. माती ती स्वतः बनवायची. शेणखत, निंबोळीची पेंड, सुकलेला पाला आणि आमच्या दोघांच्या चहाची धुतलेली पत्ती. दुकानातलं पांढरं दाणेदार खत तिने घरात येऊ दिलं नाही. एकदा मी आणलं होतं, ते तिने पिशवीसकट मला परत करायला लावलं. अशी माती पाणी धरून ठेवते, हे मला फार उशिरा समजलं. त्याची हकीकत पुढे येईलच.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी माझी मुलगी अरुंधती म्हणाली, "बाबा, घर भाड्याने द्या आणि जबलपूरला चला."

"आणि झाडं?"

"वाटून टाका."

मी नाही म्हणालो. ती हो म्हणाली. असं चार वेळा झालं. ती माझीच मुलगी असल्यामुळे पाचव्यांदा तिने अट घातली. "मे महिन्यात आठ दिवस माझ्याकडे या. परत गेल्यावर झाडं जिवंत असली तर मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही. मेली तर तुम्ही इकडे यायचं. आणि जिजाकाकूंना पाणी घालायला सांगायचं नाही. शेजाऱ्यांच्या जिवावर घर चालवणं म्हणजे घर चालवणं नाही."

मी म्हणालो, "मंजूर."

मी वजनमापे खात्यात अठ्ठावीस वर्षं निरीक्षक होतो. इतवारीतले भलेभले व्यापारी मला पाहून तराजूची दांडी पुसायला लागायचे. तेवीस कुंड्यांना आठ दिवस बेताचं पाणी पोचवणं हे माप मला जमणार नाही, असं मला एक क्षणही वाटलं नाही.

पण गल्लीला तसं वाटलं. आमचे शेजारी चंपतराव मूळचे मौद्याकडचे, शेती मुलांवर सोपवून सक्करदऱ्यात राहायला आलेले. त्यांच्याकडे वेळ भरपूर आणि शेत नाही, त्यामुळे सल्ला देण्यासाठी त्यांना माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. ते रोज सकाळी येऊन बाजेवर बसत.

"धोतराची वात करा न देवरावजी. एक टोक बादलीत, एक कुंडीत. आपोआप पाणी चढते."

"मी धोतर नेसत नाही."

"मायं घ्या."

समोरच्या जिजाबाई फाटकातूनच म्हणायच्या, "भाऊजी, मी टाकते न पाणी. अरुंधती का जबलपुरातून पाहून राहिली?" ही गोष्ट खरी होती. पण मी मंजूर म्हटलं होतं.

उपाय मला एका सकाळी दाढी करताना सुचला. दवाखान्यात एकोणीस दिवस मी खुर्चीवर बसून एकच गोष्ट पाहिली होती, सलाईनचा थेंब. सिस्टरने पहिल्याच दिवशी मला नळीवरचं ते छोटं चाक दाखवलं होतं. "काका, मिनिटाला वीस थेंब. कमीजास्त झाले तर हाक मारा." मी मनगटावरच्या घड्याळाशी थेंब ताडून पाहायचो. एकोणीस दिवस. घड्याळ लावून थेंब मोजण्यात नागपुरात माझ्याएवढा अनुभव दुसऱ्या कोणाला असेल असं मला वाटत नाही. नळी आहे, चाक आहे, थेंब आहे. अजून काय पाहिजे?

मी धंतोलीत गेलो. दवाखान्याच्या समोर औषधाचं दुकान होतं, मालक ताराचंद. मी म्हणालो, सलाईनच्या नळ्या पाहिजेत.

"कितने, बाबूजी?"

"तेवीस."

ताराचंदने चष्मा वर केला. "एक पेशंटला तेवीस?"

"नाही. तेवीस जण आहेत."

"कोनसा हॉस्पिटल?"

"घरीच."

त्याने आवाज खाली आणला. "जेवणातून विषबाधा झाली का? लग्नात?"

मी सांगितलं की झाडांना लावायच्या आहेत. ताराचंदने माझ्याकडे पाहिलं. महिन्याभरापूर्वी मी त्याच्याकडून रोज बाटल्या न्यायचो, हे त्याला आठवलं असावं. त्याने नळ्या मुकाट्याने बांधून दिल्या आणि वर म्हणाला, "बाबूजी, घरी कोणी आहे ना सोबत?" सहानुभूतीने माणसाचा जेवढा अपमान होतो तेवढा शिवीने होत नाही.

रिकाम्या काचेच्या बाटल्या मी भंगारवाल्याकडून आणल्या आणि दोन दिवस उकळत्या पाण्यात धुतल्या. मधल्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चार तारा ओढल्या, त्यांवर तेवीस बाटल्या उलट्या टांगल्या, प्रत्येकीची नळी एकेका कुंडीत सोडली, आणि घड्याळ घेऊन एकेक चाक मिनिटाला वीस थेंबांवर आणलं. शेवटी एक रजिस्टर घातलं, कारण रजिस्टरशिवाय काम म्हणजे काम नव्हे. अनुक्रमांक, नाव, दाखल दिनांक, थेंब, शेरा. अनुक्रमांक सातच्या शेऱ्यात मी लिहिलं, "नेचा. प्रकृती नाजूक."

ही खोली रस्त्यावरून खिडकीतून दिसते. माझ्याकडून एवढी एकच चूक झाली, आणि तीही खरं पाहता खिडकीची चूक आहे.

त्याच आठवड्यात चंपतराव गावी गेले होते. तिथे त्यांनी पारावर सांगितलं की आमच्या देवरावजीकडे तेवीस सलाईन लागल्या आहेत. कोणाला, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही. आमच्याकडे खेड्यापाड्यात सलाईनवर फार विश्वास. पाय दुखले, सलाईन. भूक लागत नाही, सलाईन. डॉक्टरने गोळी दिली तर डॉक्टर कच्चा, बाटली लावली तर पक्का. गुरुवारी सकाळी मी दार उघडलं तर ओसरीवरच्या बाजेवर एक माणूस घोंगडी पांघरून झोपलेला.

"कोण तुम्ही?"

"कवडू. मौद्याहून आलो जी. चंपतरावच्या भावकीतला."

"चंपतराव तिकडे राहतात, बाजूला."

"त्याइच्याकडे नाही. तुमच्याकडे. एक बाटली लावून द्या. हातपाय गळून राहिले."

मी त्याला समजावलं की या बाटल्यांत साधं नळाचं पाणी आहे आणि ते झाडांसाठी आहे. कवडूने खिडकीतून आत पाहिलं. तेवीस कुंड्या, तेवीस बाटल्या, थेंब थेंब. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "झाडाले लावता अन् माणसाले नाही लावत?"

मी त्याला चहा दिला. चहा पिऊन तो आत आला आणि कूलरसमोर, क्रोटन आणि पानवेल यांच्यामध्ये, जमिनीवर आडवा झाला. म्हणाला, थोडं बरं वाटून राहिलं.

आणि नेमके तेव्हाच आरोग्याच्या ऑफिसातून दोघे जण आले. पुढे साहेब, मागे पिशवी धरलेला शिपाई. कोणीतरी अर्ज केला होता की या घरात विनापरवाना नर्सिंग होम चालतं. साहेबांनी बाटल्या मोजल्या. मग खाली पाहिलं.

"पेशंट किती?"

"एकही नाही."

"हे कोण?"

"हे आमचे नाहीत."

घोंगडीतून कवडू म्हणाला, "साहेब, माया नंबर कवा लागते?"

साहेबांनी रजिस्टर मागितलं. मी ते मोठ्या आत्मविश्वासाने पुढे केलं, कारण आयुष्यात पहिल्यांदाच मी टेबलाच्या या बाजूला होतो आणि माझं रजिस्टर चोख होतं. साहेब वाचत गेले. "क्रोटन, दाखल दोन मार्च... मनीप्लांट, प्रकृतीत सुधार... नेचा, प्रकृती नाजूक." त्यांनी शिपायाकडे पाहिलं. शिपाई खिडकीबाहेर पाहू लागला. मग साहेब हळूच म्हणाले, "काका, ही झाडं आहेत?"

"मी सुरुवातीपासून तेच सांगतो आहे."

"मग नर्सिंग होम नाही असं लिहून घ्यावं लागेल. पण तशा दाखल्याचा नमुना आमच्याकडे नाही. आहे त्या नमुन्यात खाटांची संख्या लागते."

"शून्य लिहा."

"शून्य खाटांचं नर्सिंग होम म्हणजे बंद पडलेलं. ते उघडल्याचा दाखला आधी लागेल."

एकेकाळी मीही लोकांशी असंच बोलत होतो. ते ऐकताना कसं वाटतं हे मला तोवर माहीत नव्हतं. पुढचे नऊ दिवस मी दाखल्यासाठी फिरलो. आरोग्यवाल्यांनी बागांच्या टेबलावर पाठवलं. बागांच्या टेबलावर सांगितलं की छताखालचं झाड आमच्याकडे येत नाही, आमची हद्द आकाशाखालची. त्यांनी नळाच्या टेबलावर पाठवलं. नळाच्या टेबलावरच्या माणसाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण काका, झारी काहून नाही वापरत?" शेवटी आरोग्याच्या साहेबांनीच मार्ग काढला. माझ्या अर्जावर त्यांनी लिहिलं, "पाहणी केली. कोणीही आजारी नाही." तो कागद मी काचेच्या चौकटीत लावला आहे.

कवडू तीन दिवस राहिला आणि टवटवीत होऊन गेला. जाताना म्हणाला की हवाच लागली असावी.

आता मशीनकडे वळतो. बाटली नऊ तासांत रिकामी होत होती. मी रात्रंदिवस त्या भरत होतो, आणि ज्याला माणूस लागतो त्याला आपोआप म्हणत नाहीत. म्हणून मी माळ्यावर शंभर लिटरचं पिंप चढवलं, त्याच्या तोटीला जाड रबरी नळी जोडली, आणि त्या नळीत भोकं पाडून तेवीस सलाईनच्या नळ्या खोवल्या. बाटल्या गेल्या. चंपतरावांनी मान डोलावली आणि विचारलं, "अन् खत?"

"खत मातीत आहे."

"ते वहिनीनं टाकलेलं संपत आलं असंल न. पिंपातच टाका. शेण, गोमूत्र, गूळ, मुठभर बेसन. पाण्यासंगं आपोआप जाते. ते का म्हणता तुमी, ऑटोमॅटिक."

हा सल्ला मला पटला हे मी लपवत नाही. सुभद्राच्या मातीला साजेसं होतं, आणि दुकानातलं काही नव्हतं. मी सगळं कालवलं, फडक्याने गाळलं, पिंपात ओतलं आणि झाकण घट्ट बसवलं, कारण वास येऊ लागला होता. एप्रिलचा महिना, माळ्यावर पत्र्याची धग. शेण आणि गूळ एका बंद पिंपात अशा धगीत तीन दिवस ठेवले तर काय होतं, हे मौद्याच्या कोणत्याही शेतकऱ्याला माहीत आहे. चंपतरावांनाही माहीत होतं. झाकण लावू नका हे सांगायचं तेवढं ते विसरले.

चौथ्या दिवशी दुपारी झाकण उडालं. आवाज एवढा झाला की जिजाबाई लाटणं घेऊन धावत आल्या. मी बनियनवर मधल्या खोलीत उभा होतो आणि माझ्या अंगावर वरून खत ठिबकत होतं, मिनिटाला वीसपेक्षा पुष्कळ जास्त. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, आता तुमाले पालवी फुटते."

गुळामुळे पुढचे दहा दिवस नळ्यांमधून मुंग्या येत राहिल्या. पिंप धुतलं, नळ्या धुतल्या, छताला चुना दिला. छतावरचा एक डाग मात्र चुन्यातूनही वर आला.

खरी अडचण त्यानंतर दिसली. साध्या पाण्यावर मशीन उत्तम चालत होती आणि झाडं मरत होती. पानं पिवळी पडून गळायला लागली. दोन कुंड्या आठवड्यात गेल्या. जबलपूरला जायला बारा दिवस उरले होते. जिजाबाईंनी एका कुंडीत बोट खुपसलं, बोट वर काढून नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "मुळ्या सडून राहिल्या. तिची माती पाणी सोडत नाही, भाऊजी. तिनंच सांगतलं होतं मले. किती सोडता तुमी?"

"मिनिटाला वीस थेंब. कुंडीला दिवसाला जवळपास दीड लिटर."

"दीड लिटर तं मी पीत नाही उन्हाळ्यात. चाक कमी करा न."

मी चाकाला हात लावला आणि काढून घेतला. म्हणालो, चाक अडकलं आहे.

चाक अडकलं नव्हतं. त्या मंगळवारी सकाळी सिस्टर खोलीत आली, थेंबांकडे पाहिलं आणि तिने चाक फिरवून थेंब कमी केले. वीसचे दहा, दहाचे पाच. मी विचारलं, "काहून कमी केलं?" ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब येत आहेत, काका. तुम्ही खाली जाऊन चहा घेऊन या." मी गेलो. वीस हा आकडा बरोबर आहे की चूक, याचा मी या दोन महिन्यांत कधी हिशेबच केला नव्हता. एवढंच माहीत होतं की वीस होते तोपर्यंत सगळं ठीक होतं.

यातलं मी जिजाबाईंना काही सांगितलं नाही. त्या पदर खोचून म्हणाल्या, "सरका."

त्या पहिल्या कुंडीशी उकिडव्या बसल्या आणि चाक फिरवलं. "मोजा," म्हणाल्या. मी घड्याळ पाहिलं. नऊ. अजून फिरवलं. सहा. अजून. तीन.

"झाडाले एवढंच लागते, भाऊजी," त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "माणसाची गोष्ट येगळी."

उरलेल्या वीसपैकी अठरा कुंड्यांची चाकं त्यांनी अशीच फिरवली. मी मोजत होतो. शेवटच्या दोन मी फिरवल्या, त्यांना उठता येईना म्हणून. मिनिटाला तीन थेंब. कुंडीला दिवसाचे दोनशे सोळा मिलिलिटर. आठ दिवसांत एकवीस कुंड्यांना साडेछत्तीस लिटरच्या आत. पिंप शंभरचं. अरुंधतीच्या अटीत पाणी घालायला मनाई होती, चाक फिरवायला नव्हती, असा मी त्या दिवशी निकाल दिला.

जबलपूरला मी आठ दिवस राहिलो. तिथे न्हाणीघरातला नळ गळतो. मिनिटाला चौदा. मी दुरुस्त करून दिला. नातू माझ्या मांडीवर बसून घड्याळाची टिकटिक ऐकायचा. जावयाने विचारलं, "बाबा, झाडांची काळजी वाटते का?" मी म्हणालो, काळजी कसली. मग दुपारी पोस्टात जाऊन नागपुरात पाऊस-वारा काही झाला का, हे विचारून आलो.

परत आलो तेव्हा बाहेर सेहेचाळीस डिग्री होती. दार उघडलं. एकवीसच्या एकवीस कुंड्या जिवंत. पानवेलीला दोन नवी पानं आली होती, नेच्याचा तुरा उलगडला होता. पिंपात काठीने मापून पाहिलं, माझा हिशेब अर्ध्या लिटरपेक्षा जास्त चुकला नव्हता. आठ दिवस या घरात मी नव्हतो आणि कोणाचं काही अडलं नव्हतं. मी बराच वेळ पिशवी हातात धरून उभा राहिलो. जिजाबाईंनी फाटकातून विचारलं, "काय झालं, मेले काय?"

"सगळे मजेत आहेत," मी सांगितलं.

त्याच संध्याकाळी मी अरुंधतीला पत्र लिहिलं. आकड्यांसह लिहिलं. शेवटी, जिंकलेल्या माणसाने लिहू नये ते एक वाक्य लिहिलं: "या मशीनवर झाडं तीन आठवडेही माझ्याशिवाय राहू शकतात."

अरुंधतीचं उत्तर पाचव्या दिवशी आलं. "बाबा, तुम्ही जिंकलात. मी एक शब्द बोलणार नाही असं म्हटलं होतं, म्हणून बोलत नाही, विचारते. झाडांना तुमची गरज नाही असं तुम्हीच लिहिलंत. आम्हाला आहे. तुमचा नातू रोज दारात बसून घड्याळवाले आजोबा कधी येतात असं विचारतो. तीन आठवडे या, एक दिवस नागपूरला जाऊन पिंप भरा, पुन्हा या. केव्हा येता ते कळवा."

मी पत्र जिजाबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

"लिहा न, मशीन बिघडली म्हणून. कोण येऊन राहिलं पाह्यले?"

"अठ्ठावीस वर्षं मी कोणाचं खोटं माप चालू दिलं नाही."

"मंग जा."

"माझं घर इथे आहे."

"मंग नका जाऊ."

"नातू दारात बसतो, लिहिलं आहे."

जिजाबाई उठल्या. "तुमचं तुमीच पाहा, भाऊजी. मले भाकरी टाकायच्या आहेत."

याला आता सतरा दिवस झाले. मशीन चालू आहे. आंतरदेशीय पत्र टेबलावर आहे, त्यावर "चि. अरुंधतीस अनेक आशीर्वाद" इथपर्यंत लिहून झालं आहे. पुढचं लिहायचं राहिलं आहे.